चंद्रावरून परतताना चुकलेला ठोका

आतापर्यंत बारा माणसे चंद्रावर चालली आहेत. त्यांतले आठवे जेम्स आयर्विन. या बारा जणांपैकी सर्वांत आधी जगाचा निरोप घेतला तोही त्यांनीच. ८ ऑगस्ट १९९१ रोजी, वयाच्या ६१ व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने. १९७१ मधल्या अपोलो १५ मोहिमेने त्यांना दोन गोष्टी दिल्या. पहिली, पुढचे सारे आयुष्य जिच्यावर उभे राहिले ती ईश्वरावरची गाढ श्रद्धा. दुसरी, ईसीजीच्या रेषेवर उमटलेला हृदयाचा एक इशारा. पहिलीची कहाणी त्यांनी स्वतः गावोगाव फिरून सांगितली. दुसरी मात्र त्या वेळी त्यांना कोणी सांगितलीच नाही. श्रद्धा माणसाला कुठवर नेते आणि शरीर आपला हिशेब कसा वेगळा ठेवते, हे या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या की कळते.

आयर्विन यांचा जन्म १७ मार्च १९३० रोजी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात झाला. घर धार्मिक वळणाचे. फ्लोरिडात राहत असताना, वयाच्या अकराव्या वर्षी, एका चर्चमधल्या सभेत त्यांनी येशूला आपला तारणहार मानले. पण लहानपणीच्या अनेक संकल्पांचे होते तेच याचेही झाले. शिक्षण, नोकरी, विमाने यांच्या धबडग्यात ती श्रद्धा मागे पडली. १९५१ मध्ये ते अमेरिकेच्या नौदल अकादमीतून पदवीधर झाले, पण गेले हवाई दलात. १९५७ मध्ये मिशिगन विद्यापीठातून त्यांनी वैमानिकी आणि उपकरण अभियांत्रिकीतल्या पदव्युत्तर पदव्या मिळवल्या. पुढे ते चाचणी वैमानिक झाले. नव्या विमानात पहिल्यांदा बसून ते कुठे दगा देते हे शोधायचे, असे ते काम.

दगा मिळाला तो मात्र एका साध्या, छोट्या विमानात. १९६१ मध्ये एका शिकाऊ वैमानिकाला ते उड्डाण शिकवत होते आणि विमान कोसळले. दोघेही वाचले. आयर्विन यांचे दोन्ही पाय मोडले, जबडा मोडला, डोक्याला मार बसला, स्मृतीही काही काळ गेली. एक पाय कापावा लागेल की काय अशी स्थिती होती. डॉक्टरांनी तो वाचवला. पुन्हा विमान चालवण्याची परवानगी मिळेपर्यंत वर्षाहून अधिक काळ गेला. ज्याचे सारे आयुष्य आकाशात, त्याला अंथरुणावर पडून छताकडे पाहत काढावे लागलेले हे दिवस होते. पण ते हरले नाहीत. हाडे जुळली, परीक्षा पुन्हा दिल्या, उड्डाण पुन्हा सुरू झाले. अंतराळवीर होण्यासाठी त्यांनी अर्ज केले, नकार पचवले आणि पुन्हा अर्ज केला. एप्रिल १९६६ मध्ये नासाने १९ जणांची नवी तुकडी निवडली, तीत ३६ वर्षांच्या आयर्विन यांचे नाव होते.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. चिवटपणा हा काही जन्मजात मिळणारा गुण नाही. तो घडतो. अपघातानंतर सावरताना माणूस शिकतो की आजचे दुखणे उद्या थोडे कमी होते, आणि परवा आणखी थोडे. ही शिकवण शरीरात मुरली की पुढच्या संकटात ती आपोआप कामाला येते. मात्र या गुणाला दुसरी बाजूही असते. वेदना सहन करायची सवय लागलेला माणूस शरीराच्या तक्रारीही तशाच गिळतो.

अपोलो १५ मध्ये त्यांची निवड झाली ती चांद्रयानाचा वैमानिक म्हणून. डेव्हिड स्कॉट हे मोहिमेचे प्रमुख होते आणि आल्फ्रेड वर्डन हे मुख्य यान सांभाळत चंद्राभोवती एकटे फिरणार होते. २६ जुलै १९७१ रोजी यान निघाले आणि ३० जुलै रोजी स्कॉट व आयर्विन चंद्रावरच्या अपेनाइन पर्वतरांगांच्या पायथ्याशी, हॅडली नावाच्या खोल घळीजवळ उतरले. तोपर्यंत कोणीही चंद्रावर इतका काळ राहिले नव्हते. जवळजवळ ६७ तासांचा मुक्काम, तीन वेळा बाहेर पडणे आणि बाहेरचे काम साडेअठरा तासांचे. चंद्रावर चारचाकी गाडी पहिल्यांदा चालली ती याच मोहिमेत.

आज त्या चित्रफिती पाहिल्या तर दोन माणसे हलकेच उड्या मारत फिरताना दिसतात. चंद्रावर वजन सहापट कमी, म्हणून श्रमही कमी असतील असे वाटते. प्रत्यक्षात तसे नसते. पोशाख आतल्या दाबाने फुगलेला असतो. मूठ वळायची तरी प्रत्येक वेळी हातमोज्याशी झगडावे लागते. पृष्ठभागात खोल खणून मातीचा नमुना काढायचे यंत्र रुतून बसले, तेव्हा ते उपसण्यासाठी दोघांना मिळून सारे बळ लावावे लागले. पोशाखाच्या आत पाण्याची पिशवी बसवलेली होती. तोंड वळवून नळीने पाणी ओढायचे अशी सोय. आयर्विन यांची पिशवी नीट चाललीच नाही. घाम गाळत तासन्‌तास काम आणि घशात पाण्याचा थेंब नाही, अशा अवस्थेत ते राबले.

आणि नेमके तिथेच, त्या कष्टांच्या मधोमध, त्यांना ते जाणवले जे पुढे ते आयुष्यभर सांगत राहिले. ईश्वर आपल्या अगदी जवळ आहे, अशी प्रचिती. वैज्ञानिक उपकरणे मांडताना एका यंत्राची दोरी तुटली. आयर्विन यांनी नंतर लिहिल्याप्रमाणे त्यांनी प्रार्थना केली आणि काय करायचे ते लगेच सुचले. गुडघ्यांवर बसून त्यांनी हाताने काम पार पाडले. समोरच्या डोंगरांकडे पाहताना त्यांना बायबलमधले डोंगरांविषयीचे एक स्तोत्र आठवले, तेही त्यांनी रेडिओवर बोलून दाखवले. वर मिश्कीलपणे हेही जोडले की मदत तशी ह्यूस्टनकडूनही बरीच होते. श्रद्धा आणि तंत्रज्ञान या दोघांना एकाच वाक्यात जागा देणारा हा माणूस त्या क्षणी किती शांत होता, हे यातून दिसते.

डॉक्टरांच्या नजरेने या प्रसंगाकडे पाहिले तर प्रार्थनेने नेमके काय केले? घाबरलेला, दमलेला माणूस घाईत चुका करतो. थांबणे, श्वास सावकाश घेणे, आपण एकटे नाही असे वाटणे, यांनी तणाव उतरतो आणि डोके पुन्हा चालू लागते. आयर्विन याला ईश्वराची कृपा म्हणत. शरीरशास्त्र त्याला मनाच्या शांतीचा परिणाम म्हणेल. त्यांचे काम त्या दिवशी झाले, हे दोघांनाही मान्य व्हावे.

१ ऑगस्टच्या फेरीत स्पर नावाच्या खळग्याजवळ दोघांना एक फिकट, चमकदार खडा दिसला. चंद्राचे पहिले कवच ज्या खडकाचे बनले त्याचाच तो तुकडा निघाला. वय चार अब्ज वर्षांहून जास्त. वर्तमानपत्रांनी त्याला जेनेसिस रॉक हे नाव दिले. जेनेसिस म्हणजे उत्पत्ती, आणि बायबलच्या पहिल्या पुस्तकाचे नावही तेच. सगळे मिळून सुमारे ७७ किलो दगडमाती घेऊन २ ऑगस्टला दोघे चंद्रावरून निघाले, मुख्य यानाला जोडले गेले आणि वर्डन यांच्याकडे परतले. तोपर्यंत त्यांचा जागे राहण्याचा काळ खूप लांबला होता.

याच वेळी ह्यूस्टनमध्ये पडद्यावरची रेषा बदलली. अंतराळवीरांच्या छातीवर लावलेल्या पट्ट्यांतून त्यांचा ईसीजी पृथ्वीवर येत असे. आयर्विन यांच्या ईसीजीत प्रत्येक नेहमीच्या ठोक्यामागे एक अवेळी, जास्तीचा ठोका दिसू लागला. वैद्यकशास्त्रात याला बायजेमिनी म्हणतात. स्कॉट यांच्या ईसीजीतही काही अवेळी ठोके दिसले, पण आयर्विन यांचे प्रकरण अधिक काळजीचे होते. असा रुग्ण रुग्णालयात आला तर डॉक्टर त्याला अतिदक्षता विभागात ठेवून सतत लक्ष ठेवतील. नासाचे मुख्य वैद्य चार्ल्स बेरी यांच्यासमोर प्रश्न होता तो रुग्ण पृथ्वीपासून जवळजवळ चार लाख किलोमीटर दूर असण्याचा.

त्यांनी विचार केला तो असा. यानातली हवा म्हणजे शुद्ध प्राणवायूच होता. वजनविरहित अवस्थेत हृदयावरचा भार कमी. ईसीजी पृथ्वीवर सतत दिसतोच आहे. म्हणजे अतिदक्षता विभागातल्या बऱ्याच गोष्टी तिथे आयत्याच होत्या. हवी होती ती विश्रांती. चमूने झोप घ्यावी, असे वरून सांगण्यात आले. आयर्विन झोपले आणि ठोके सुरळीत झाले. पण आपल्या हृदयात काय घडले हे त्यांना सांगण्यात आले नाही. ते कळले परतल्यानंतर.

सांगायला हवे होते का? त्या काळी रुग्णाला घाबरवू नये हा डॉक्टरांचा नेम होता, तोही केवळ अमेरिकेत नव्हे. भीतीने ठोके आणखी बिघडतील ही शंकाही निराधार नव्हती. तरी दुसरी बाजू जड आहे. मोहिमेतले कष्टाचे काम अजून पूर्ण संपले नव्हते. प्रमुखाला माहीत असते तर त्याने कामाची वाटणी बदलली असती. ज्याचे हृदय आहे त्यालाच अंधारात ठेवणे आजच्या वैद्यकीय नीतीत बसत नाही. आज अंतराळ स्थानकावरच्या प्रत्येकाचे पृथ्वीवरच्या वैद्याशी नियमित खासगी बोलणे होते, आणि जे दिसते ते त्याच्याशीच बोलले जाते.

७ ऑगस्टला यान प्रशांत महासागरात उतरले. तीनपैकी एक पॅराशूट मिटले होते, पण उरलेल्या दोघांनी भार पेलला. तपासण्यांत असे दिसले की स्कॉट व आयर्विन यांच्या शरीरातले पोटॅशियम बरेच कमी झाले आहे आणि आधीच्या चमूंपेक्षा त्यांना पूर्ववत व्हायला जास्त दिवस लागत आहेत.

पोटॅशियम कुठे गेले? वजनविरहित अवस्थेत रक्त आणि पाणी पायांकडून छाती-डोक्याकडे सरकते. शरीराला वाटते पाणी जास्त झाले, म्हणून ते लघवीवाटे काढून टाकते. त्यासोबत क्षारही जातात. स्नायूंना काम कमी पडले की तेही झिजतात आणि त्यांच्यातले पोटॅशियम बाहेर पडते. त्यात या दोघांनी उड्डाणाआधी फ्लोरिडाच्या उन्हात पोशाख चढवून घाम गाळत सराव केला होता. भरीस भर म्हणून चंद्रावरचे श्रम, अपुरे पाणी आणि अपुरी झोप. हृदयाच्या प्रत्येक पेशीत ठोक्यासाठी जी विद्युतलहर उठते, ती पोटॅशियम आणि सोडियमच्या ये-जा करण्यावर चालते. पोटॅशियम कमी पडले की लहर अवेळी उठू लागते.

पुढच्या मोहिमेत नासाने धडा घेतला. अपोलो १६ च्या चमूच्या खाण्यापिण्यात पोटॅशियम वाढवले गेले, औषधांच्या पेटीत हृदयाच्या ठोक्यांवरची औषधे ठेवली गेली. पोटॅशियम मिसळलेल्या संत्र्याच्या रसाने पोटात वायू धरतो, अशी चमूप्रमुख जॉन यंग यांची तक्रार मायक्रोफोन चालू राहिल्यामुळे जगाने ऐकली. पण त्या मोहिमेत हृदयाचे ठोके बिघडले नाहीत. आयर्विन यांच्या हृदयाने दिलेला इशारा इतरांच्या कामी आला.

खुद्द त्यांच्यासाठी गोष्ट तिथे संपली नव्हती. परतल्यावर पहिला धक्का वेगळाच बसला. चमूने परवानगी न घेता सुमारे ४०० टपाल पाकिटे चंद्रावर नेली होती आणि त्यांतली काही पुढे संग्राहकांना विकली गेली, हे उघड झाले. १९७२ मध्ये तिघांवर ठपका ठेवला गेला. त्याच वर्षी आयर्विन नासा आणि हवाई दलातून कर्नल म्हणून निवृत्त झाले. कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे त्यांनी हाय फ्लाइट नावाची धार्मिक संस्था काढली आणि चंद्रावर आलेला अनुभव सांगत ते जगभर फिरू लागले. बालपणी हरवलेली श्रद्धा आता त्यांचे पूर्णवेळ काम झाली होती.

एप्रिल १९७३ मध्ये, म्हणजे चंद्रावरून आल्यानंतर दोन वर्षेही झाली नव्हती तोच, हँडबॉल खेळताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला. वय ४३. ज्याची तब्येत देशातल्या सर्वांत कडक तपासण्यांतून गेली होती, त्या माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या. चंद्रावरून निघताना दिसलेल्या त्या अवेळी ठोक्यांमागे केवळ पोटॅशियमची कमतरता नसून ही आधीच सुरू झालेली व्याधीही असावी, असे मग डॉक्टरांना वाटू लागले. विश्रांती घेतानाचा ईसीजी नेहमीसारखा असला म्हणजे रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत असे होत नाही. त्या काळी हे जोखणारी साधने आजच्या मानाने तोकडी होती.

चंद्रावर जाण्यानेच हृदय बिघडते का, हा प्रश्न अधूनमधून निघतो. २०१६ मध्ये एका संशोधनात दाखवले गेले की चंद्राकडे गेलेल्या आणि तोवर मरण पावलेल्या सात अंतराळवीरांपैकी तीन हृदयरोगाने गेले. अवकाशातल्या किरणोत्साराकडे त्यांनी बोट दाखवले. पण सात माणसांवरून निष्कर्ष काढणे धाडसाचे आहे, असा आक्षेप लगेच घेतला गेला. तो योग्यच आहे.

आयर्विन यांच्यावर पुढे बायपास शस्त्रक्रिया झाली. पण घरी बसून राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. बायबलमधल्या कथेत महापुरानंतर नोहाची नौका ज्या पर्वतावर टेकली असे मानतात, त्या तुर्कस्तानातल्या अरारत पर्वतावर नौकेचे अवशेष शोधण्यासाठी त्यांनी १९८२ पासून अनेक मोहिमा नेल्या. अरारतची उंची ५,१३७ मीटर. हृदयाच्या रुग्णासाठी तिथली विरळ हवा हेच मोठे संकट. पहिल्याच वर्षी ते घसरून पडले आणि जखमी झाले. बरे झाल्यावर पुन्हा गेले. नौका सापडली नाही. चार अब्ज वर्षांचा दगड हाताने उचलून आणणारा माणूस पुराणकथेतली नौका शोधत फिरतो, याचे अनेकांना नवल वाटे. त्यांना मात्र त्यात विसंगती दिसत नव्हती.

१९८६ मध्ये धावत असताना ते कोसळले आणि हृदय थांबले. वेळेवर मदत मिळाली म्हणून ते परतले. पुन्हा सावरले, पुन्हा भाषणे सुरू झाली. ऑगस्ट १९९१ मध्ये कोलोरॅडोतल्या ग्लेनवूड स्प्रिंग्ज इथे सायकल चालवून आल्यानंतर पुन्हा झटका आला. या वेळी मात्र ते वाचले नाहीत. चंद्रावरून पृथ्वीवर उतरून वीस वर्षे आणि एक दिवस झाला होता. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत त्यांचे दफन झाले.

मग श्रद्धेने त्यांना काय दिले? बरेच काही. चंद्रावरून परतलेल्या अनेकांना पुढे काय करायचे हा प्रश्न पडला. कोणी दारूकडे वळले, कोणाचे संसार मोडले. आयर्विन यांच्यापाशी रोज सकाळी उठायला कारण होते. दोनदा मृत्यूच्या दारातून परतल्यावरही ते खचले नाहीत. दीर्घ आजारात माणसाला जगण्याचा अर्थ सापडला, आधार देणारी माणसे भोवती असली, तर तो औषधे वेळेवर घेतो, निराश होत नाही, लवकर हिंडूफिरू लागतो. हे कोणत्याही वॉर्डात दिसते.

श्रद्धेने काय दिले नाही, हेही तितकेच स्पष्ट आहे. पोटॅशियम भरून निघाले नाही. रक्तवाहिन्यांतला चरबीचा थर विरघळला नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा इथे उल्लेख करायला हवा. अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांचे तीन गट केले होते. एकासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, एकासाठी केली नाही, पण या दोन्ही गटांतल्या रुग्णांना आपण कोणत्या गटात आहोत हे माहीत नव्हते. तिसऱ्या गटासाठी प्रार्थना केली आणि तसे त्यांना सांगितलेही. पहिल्या दोन गटांत गुंतागुंतीचे प्रमाण जवळजवळ सारखे निघाले, ५२ आणि ५१ टक्के. ज्यांना प्रार्थनेची खात्री दिली होती त्यांच्यात ते ५९ टक्के होते. आपल्यासाठी प्रार्थना करावी लागते म्हणजे प्रकृती फारच बिघडली असावी, ही भीती त्यामागे असेल, असा एक अंदाज मांडला गेला. प्रार्थना मनाला आधार देते, पण शस्त्रक्रियेनंतरची काळजी तिच्यावर सोपवता येत नाही.

आयर्विन यांच्या आयुष्यातून घेण्यासारखे जे आहे ते चंद्रावर न जाणाऱ्यांच्याही उपयोगाचे आहे. उन्हात कष्ट करताना तहान लागायची वाट न पाहता पाणी प्यावे. घाम, जुलाब, उलट्या यांनी पाण्यासोबत क्षारही जातात, तेव्हा जलसंजीवनी, ताक, शहाळे, केळे, डाळीचे पाणी उपयोगी पडते. मात्र मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांनी पोटॅशियम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे. त्यांच्यात ते जास्त होणेही जिवावर बेतू शकते. छातीत धडधड, ठोका चुकल्यासारखे वाटणे, चालताना छाती भरून येणे, घेरी येणे ही दमल्याची लक्षणे म्हणून झटकून टाकू नयेत. तपासणीत काही निघाले तर ते स्वतः समजून घ्यावे, आणि डॉक्टर सांगत नसतील तर विचारावे.

सोसण्याची ताकद असलेली माणसे बहुतेक वेळा डॉक्टरांकडे सर्वांत उशिरा येतात. घरातली करती बाई, रोजंदारीवर जाणारा बाप, आजारपणाला भीक न घालणारे आजोबा. त्यांच्या धीराचे कौतुक जरूर करावे. पण त्यांचा ईसीजी काढून घ्यायलाही विसरू नये.